नव्या बत्तीशीचे अर्थकारण

'दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत' ही म्हण दैवाच्या उफराट्या न्यायाविषयी असली, तरी मध्यमवर्गीय नोकरदाराच्या आयुष्याचे इतके अचूक वर्णन दुसरे सापडणार नाही. ऐन उमेदीच्या काळात मुलांची शिक्षणे, घराचे हप्ते आणि वडीलधाऱ्यांची आजारपणे यांतून स्वतःच्या दाढेकडे पाहायला सवड नसते आणि पैसाही नसतो. दुखली की लवंगेचे तेल, फारच दुखली की उपटून टाकणे, हा क्रम पंचवीस-तीस वर्षे चालतो. पुढे निवृत्तीच्या सुमारास भविष्यनिर्वाह निधीची आणि उपदानाची रक्कम हाती येते, तेव्हा तोंडाचे निम्मे बोळके झालेले असते. अलीकडे मात्र या म्हणीलाच आव्हान देणाऱ्या जाहिराती शहरोशहरी दिसू लागल्या आहेत. चणे असतील तर दातही मिळतील. तेही पक्के, जबड्याच्या हाडात रोवलेले आणि थोड्या दिवसांत, असे त्यांचे आश्वासन असते.

हे आश्वासन खोटे नाही, हे आरंभीच मान्य केले पाहिजे. त्यामागचे शास्त्र अर्धशतकाहून अधिक काळ कसोटीला उतरले आहे. स्वीडनमधील पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे १९५२ साली लुंड येथे सशाच्या हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत होते. त्यासाठी हाडात बसवलेली टायटॅनियम धातूची नळकांडी प्रयोग संपल्यावर ते काढू गेले, तर ती निघेनात. हाड धातूला घट्ट धरून बसले होते. शरीर परका पदार्थ बाहेर ढकलते, या तोवरच्या समजुतीला हा धक्काच होता. १९६५ मध्ये गोथेनबर्ग येथे त्यांनी जबड्यात जन्मजात व्यंग असलेल्या एका रुग्णाला या धातूच्या खुंट्यांवर दात बसवून दिले. २००६ साली तो रुग्ण वारला, तोपर्यंत म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ ते दात त्याच्या कामी आले. तरीही दंतवैद्यकाने या शोधाला सहजासहजी जवळ केले नाही. १९८२ च्या टोरोंटो येथील परिषदेनंतरच उत्तर अमेरिकेत त्याला मान्यता मिळत गेली. पुढे नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस पोर्तुगालमधील पाउलो मालो यांनी सबंध जबडा केवळ चार खुंट्यांवर पेलण्याची रीत बसवली. पुढच्या दोन खुंट्या सरळ आणि मागच्या दोन तिरप्या बसवल्या, की वरच्या जबड्यामागील पोकळी आणि खालच्या जबड्यातील मज्जातंतू दोन्ही टळतात आणि बहुधा वेगळे हाड भरण्याचीही गरज पडत नाही. आज 'संपूर्ण तोंडाचे इम्प्लांट' या नावाने जे दिले जाते, ते याच रीतीचे किंवा तिच्या भावंडांचे रूप होय.

याचे मोल कवळी वापरणाऱ्याला सांगावे लागत नाही. वरची कवळी टाळूला चिकटून राहते. खालच्या कवळीला तो आधार नाही आणि जीभ तिला सारखी उचलत असते. त्यात दात गेले की जबड्याचे हाड झिजू लागते. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पंचवीस वर्षांच्या एका पाहणीत खालच्या जबड्याची झीज वरच्याच्या सुमारे चौपट आढळली होती. म्हणजे कवळी जितकी जुनी तितकी ढिली, आणि जी आधीच डळमळीत तीच अधिक ढिली. चावण्याचे बळ नैसर्गिक दातांच्या चतुर्थांशाच्या आसपास उरते. परिणामी माणूस भाकरीवरून भातावर, पेरूवरून केळ्यावर आणि शेंगदाण्यांवरून कुटावर येतो. पंगतीत तोंडाला रुमाल लावून जेवणारे वृद्ध कोणी पाहिलेले नाहीत? निवृत्तीनंतर शिकवण्या घेणाऱ्या शिक्षकाचे तर उच्चार हेच भांडवल असते. 'स' म्हणताना शीळ फुटू लागली, की तो आमंत्रण आलेले व्याख्यानही टाळू लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार साठ वर्षांवरील सुमारे २३ टक्के लोकांना एकही नैसर्गिक दात उरलेला नसतो. तेव्हा या इलाजाला केवळ श्रीमंतांची हौस म्हणून हिणवणे हा अन्याय ठरेल.

प्रश्न निराळाच आहे. मोठ्या शहरांतील खासगी दवाखान्यांत दोन्ही जबड्यांचा खर्च काही लाख रुपयांच्या घरात जातो. निवृत्त लिपिकाच्या किंवा माध्यमिक शिक्षकाच्या दृष्टीने ही रक्कम आयुष्यातील तिसरी मोठी खरेदी ठरते. पहिली घर, दुसरी मुलीचे लग्न अथवा मुलाचे शिक्षण. घर घेताना मनुष्य वकील गाठतो, सात-बारा किंवा शोधपत्र पाहतो, चार जणांना विचारतो. दातांच्या बाबतीत मात्र जो विकणारा तोच सल्लागार, आणि व्यवहार बहुधा पहिल्या-दुसऱ्या भेटीतच ठरतो. हप्त्यांची सोय त्याच टेबलावर उपलब्ध असते, त्यामुळे घरी जाऊन विचार करण्याचे कारणही उरत नाही.

शिवाय ही खरेदी एकदाच करून मोकळे होण्याजोगी नसते. हाडात रोवलेल्या खुंट्या चांगल्या टिकतात. दहा वर्षांनंतरही ९० टक्क्यांहून अधिक खुंट्या जागेवर असतात, असे निरनिराळ्या अभ्यासांतून दिसते. परंतु टिकणे आणि निरोगी राहणे यांत अंतर आहे. खुंटीभोवतीच्या हिरडीला आणि हाडाला सूज येऊन हाड खचत जाण्याचा एक विकार आहे. २०१५ च्या एका संकलित अध्ययनात असा विकार झालेल्या रुग्णांचे प्रमाण सरासरी २२ टक्के निघाले होते. धूम्रपान करणाऱ्यांना आणि मधुमेह आटोक्यात नसलेल्यांना त्याचा धोका अधिक. भारतात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत, असा अंदाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीने दिला आहे. तेव्हा हा इशारा तळटिपेत टाकण्याजोगा नव्हे. वरचा पूल झिजतो, त्याचे स्क्रू सैल होतात, तो अधूनमधून काढून साफ करावा लागतो. कारखान्याच्या हिशेबात यंत्राच्या किमतीबरोबर घसारा आणि देखभाल धरतात. पंचाहत्तरीत, हाताला कंप सुटल्यावर, पुलाखाली बारीक ब्रश फिरवण्याची ही देखभाल कोण करणार, याचा हिशेब दवाखान्याच्या दरपत्रकात नसतो.

याहूनही नाजूक बाब म्हणजे उरलेल्या दातांची. एखादे शिक्षक अठ्ठावन्नाव्या वर्षी तोंडात बारा-तेरा दात घेऊन तपासणीला गेले, अशी कल्पना करावी. त्यांतले चार हलतात, तीन किडलेले आहेत, बाकीचे हिरड्यांच्या उपचारांनी आणखी काही वर्षे निभावतील. त्यांच्यापुढे दोन मार्ग असतात. एक, वाचतील ते दात वाचवून मोकळ्या जागा अर्धकवळीने किंवा दोन-तीन खुंट्यांनी भरून काढणे. हे काम किचकट, वेळखाऊ आणि दवाखान्याला कमी किफायतशीर. दुसरा, सगळे दात काढून चार-सहा खुंट्यांवर नवी बत्तीशी उभी करणे. हे सुटसुटीत, दिसायला देखणे आणि दवाखान्याच्या दृष्टीने कितीतरी अधिक फायद्याचे. कोणता मार्ग योग्य, हे तोंड पाहूनच ठरेल आणि कित्येकदा दुसराच योग्य असेल. पण काढलेला दात परत बसत नाही. म्हणून हा निर्णय कोण घेतो आणि त्यात त्याचा स्वतःचा किती लाभ आहे, हा प्रश्न विचारणे म्हणजे दंतवैद्यांच्या सचोटीवर शिंतोडे उडवणे नव्हे.

अर्थशास्त्रात या पेचाचा विचार जुना आहे. केनेथ ॲरो यांनी १९६३ च्या आपल्या गाजलेल्या निबंधात वैद्यकीय सेवेचा बाजार धान्याच्या किंवा कापडाच्या बाजारासारखा का चालत नाही, हे दाखवले होते: रुग्णाला आपल्याला काय हवे हेच ठाऊक नसते, ते विकणाराच सांगतो. १९७३ मध्ये मायकेल डार्बी आणि एडी कार्नी यांनी त्यापुढे जाऊन एक वेगळा वर्गच केला. आंबा खाल्ल्यावर तरी गोड की आंबट ते कळते. काही सेवांची गरज खरोखर होती की नव्हती, हे त्या घेतल्यानंतरही ग्राहकाला कळत नाही. मोटारीची दुरुस्ती आणि दाताचा उपचार हे या वर्गात चपखल बसतात. सगळे दात काढून घेतलेला शिक्षक पुढे समाधानाने ऊस खाईलही. पण आपले सहा दात विनाकारण गेले की काय, हे त्याला कधीच समजणार नाही. समाधानी ग्राहक हा अशा बाजारात सचोटीचा पुरावा होऊ शकत नाही. ग्राहक न्यायालयाचे दार १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने रुग्णांना उघडे झाले हे खरे, परंतु जी हानी ध्यानातच येत नाही तिची फिर्याद कोण करणार?

अशा वेळी सरकारने किंमत बांधून द्यावी, ही सूचना ओघानेच येते. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवण्याच्या स्टेंटची कमाल किंमत फेब्रुवारी २०१७ मध्ये ठरली आणि औषधलेपित स्टेंट सुमारे ३० हजार रुपयांवर आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कृत्रिम गुडघ्याचीही किंमत बांधली गेली. दातांच्या खुंटीला अशी मर्यादा का नसावी? मर्यादा घालायला हरकत नाही; तिचा उपयोग मात्र थोडा होईल. संपूर्ण तोंडाच्या बिलात धातूच्या खुंटीचा वाटा मर्यादितच असतो. बाकीचे पैसे शस्त्रक्रियेचे, प्रयोगशाळेत घडणाऱ्या पुलाचे, छायाचित्रणाचे, जागेच्या भाड्याचे आणि जाहिरातीचे. खुंटी स्वस्त झाली तर बाकीची कलमे फुगतील. आणि मुख्य गोष्ट म्हणजे, नको असलेली शस्त्रक्रिया स्वस्तात झाली तरी ती नको असलेलीच राहते.

विमा हा दुसरा उपाय. आपल्याकडील बहुतेक आरोग्यविमा अपघात सोडल्यास दातांचे नाव काढत नाही. २०१८ मध्ये सुरू झालेली आयुष्मान भारत योजना २०२४ च्या अखेरीपासून सत्तर वर्षांवरील सर्वांना खुली झाली. महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाची योजना आहे. दोहोंची उभारणी मुख्यतः रुग्णालयात भरती होण्यावर झालेली आहे, आणि दात नसल्यामुळे कोणी रुग्णालयात भरती होत नाही. अशक्तपणा, अपचन आणि एकलकोंडेपणा यांचे बिल वेगळ्या नावांनी, वेगळ्या खात्यांवर पडत राहते.

तथापि, सगळेच फुकट देऊ म्हणणाऱ्यांनी ब्रिटनचा इतिहास चाळावा. ५ जुलै १९४८ रोजी तेथे राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि कवळ्यांसाठी व चष्म्यांसाठी अंदाजपत्रक कोलमडेल इतकी झुंबड उडाली. वर्षानुवर्षे दडपलेली ती गरज होती. १९५१ मध्ये अर्थमंत्री ह्यू गेट्स्केल यांनी कवळी आणि चष्म्यांवर शुल्क लावले, तेव्हा या सेवेचे जनक अन्यूरिन बेव्हन यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. कवळीवरून मंत्री गेल्याचे असे उदाहरण विरळाच! त्या काळी ब्रिटनच्या काही भागांत लग्नाआधीच मुलीचे सगळे दात काढून कवळी बसवून देण्याची चाल होती. पुढचा दंतवैद्याचा खर्च वाचला, असा त्यामागचा व्यवहारी हिशेब. १९६८ साली इंग्लंड-वेल्समधील ३७ टक्के प्रौढांना एकही दात नव्हता. २००९ च्या पाहणीत हे प्रमाण ६ टक्क्यांवर आले. हा पालट कवळ्या वाटल्याने झाला नाही. फ्लोराइडयुक्त टूथपेस्टचा प्रसार आणि दात उपटण्याऐवजी राखण्याकडे वळलेली दृष्टी यांचा त्यात मोठा हात होता.

अधिक शिकण्याजोगा आहे तो जर्मनीचा प्रयोग. तेथील सार्वजनिक विम्याने २००५ पासून कृत्रिम दातांसाठी ठरावीक साहाय्य देण्यास सुरुवात केली. हे साहाय्य तोंडाच्या अवस्थेवर ठरते, निवडलेल्या उपचारावर नव्हे. ज्याच्या तोंडात दातच नाहीत त्याला प्रमाण उपचाराच्या खर्चाचा ठरलेला हिस्सा मिळतो. त्याने साधी कवळी घ्यावी किंवा पदरचे पैसे घालून इम्प्लांट करावे. २०२० पासून हा हिस्सा ६० टक्के आहे. पाच वर्षे नियमित तपासणी केल्याची नोंद असेल तर तो ७० टक्के, आणि दहा वर्षांची असेल तर ७५ टक्के होतो. चैनीला सरकारी पैसा नाही, गरजेला आहे, आणि काळजी घेणाऱ्याला वर बक्षीस आहे. जपानने तर १९८९ पासून 'ऐंशीव्या वर्षी वीस दात' हे साधे उद्दिष्ट लोकांपुढे ठेवले. आरंभी दहा टक्क्यांहूनही कमी वृद्ध त्यात बसत होते. २०१६ च्या पाहणीत निम्म्याहून अधिक बसले.

महाराष्ट्रात चित्र उलटे आहे. येथे दात काढणे स्वस्त आणि वाचवणे महाग. तालुक्याच्या रुग्णालयात दंतचिकित्सक असलाच तर त्याच्या हातून मुख्यतः दात उपटण्याचे काम होते. मुळाचा उपचार करून दाढ राखायची तर खासगी दवाखाना आणि हजारोंचा खर्च. २०१६-१७ च्या राष्ट्रव्यापी पाहणीत राज्यातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते. त्यात मशेरी येते, आणि ती तर दात स्वच्छ होतात या समजुतीनेच लावली जाते. उसाला आणि साखर कारखान्यांना राजाश्रय देणाऱ्या राज्यात साखरेने किडलेल्या दातांची दाद कोणत्या खात्याकडे मागावी, हाही एक विचारण्याजोगा प्रश्न आहे. एकीकडे खेड्यातील मजुराची बत्तीशी चाळिशीत खिळखिळी होते आणि दुसरीकडे शहरातील दवाखाने नव्या बत्तीशीच्या जाहिराती करतात. दंतवैद्यांच्या नीतिनियमांत जाहिरातबाजीला मज्जाव आहे, पण तो कागदावर. १९४८ च्या दंतवैद्य कायद्याच्या जागी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संमत केला, त्याचा भर शिक्षणावर आणि नोंदणीवर आहे. उपचाराच्या टेबलावरील सल्ल्याच्या शुद्धतेकडे तो फारसा पोहोचत नाही.

मग मध्यम मार्ग आहे काय? आहे, आणि तो नवा नाही. २००२ साली माँट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी असे मत नोंदवले, की खालचा जबडा पूर्ण रिकामा असेल तर दोन खुंट्यांवर बटणासारखी अडकणारी, काढता-घालता येणारी कवळी हाच पहिल्या पसंतीचा उपचार मानावा. चार-सहा नव्हे, दोन; आणि वरच्या जबड्याला बहुधा नेहमीची कवळी पुरते. ती रोज काढून घासता येते, म्हणून वृद्धाला सोयीची. खर्चही संपूर्ण तोंडाच्या पक्क्या पुलाच्या मानाने बराच कमी. जाहिरातींत मात्र या उपचाराचे नाव क्वचितच आढळते, आणि त्याचे कारण शोधायला फार खोल जावे लागत नाही.

तो सामान्य माणसाच्या आवाक्यात आणणारी यंत्रणा देशात उभी आहे. भारतात ३०० हून अधिक दंतमहाविद्यालये आहेत. कर्नाटकाने २०१४ मध्ये 'दंतभाग्य' योजना काढून दारिद्र्यरेषेखालील वृद्धांना या महाविद्यालयांमार्फत मोफत कवळ्या देण्यास सुरुवात केली आणि पुढे वयाची अट साठवरून पंचेचाळीसवर आणली. केरळात 'मंदहासम्' ही तशीच योजना आहे. महाराष्ट्राने याच धर्तीवर कवळी द्यावी, आणि ज्यांच्या खालच्या जबड्यात कवळी ठरतच नाही त्यांना दोन खुंट्यांचा आधार द्यावा. पण त्याआधी एक कमी खर्चाचे काम करण्याजोगे आहे: सगळे दात काढण्याचा सल्ला ज्याला मिळाला आहे अशा कोणालाही शासकीय किंवा महापालिकेच्या दंतमहाविद्यालयात अल्प शुल्कात दुसरे मत लेखी मिळावे. कोणते दात राखता येतील, कोणते नाही आणि का, एवढेच त्या कागदावर असावे. मत देणाऱ्याने त्या रुग्णावर स्वतः खासगीत उपचार करू नयेत, ही अट हवी. ज्याच्या तोंडातून काही निघणार नाही आणि ज्याच्या खिशात काही पडणार नाही, असा एक माणूस या व्यवहारात आज कोठेच नाही.

मागणी आणि पुरवठा यांची गाठ पडत नाही ती वेगळ्याच ठिकाणी. दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याला पदवीपूर्वी कवळ्या बनवून दाखवाव्या लागतात, आणि त्यासाठी दात नसलेले रुग्ण त्याला हवेच असतात. इकडे तालुक्याच्या गावी असे रुग्ण घरोघर आहेत. पण एक कवळी म्हणजे मापे, चाव्याची नोंद, मेणातील चाचणी, बसवणे आणि पुढची दुरुस्ती मिळून निदान पाच खेपा. प्रवासभाड्याचा प्रश्न निम्मा सुटलेलाच आहे: पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून एस.टी.चा प्रवास मोफत आहे, पासष्ट ते पंचाहत्तर वयोगटाला आणि २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट आहे. उरतो तो दिवसभराचा खोळंबा आणि सोबत लागणाऱ्या मुलाचा बुडालेला रोज. पाचांपैकी पहिली मापे आणि शेवटची दुरुस्ती तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात झाली, तर शहराच्या खेपा तीनवर येतात. तेथे दंतचिकित्सकाची खुर्ची आहे. माप घेण्याचे साहित्य आणि महाविद्यालयाशी जोडणारी आठवड्यातून एकदा जाणारी पेटी, एवढीच भर त्यात घालावी लागेल.